बसून खाणारे : एका आरोपाचा मागोवा

जूनच्या पहिल्या तारखेला मालवणच्या दांडी किनाऱ्यावर होड्या वर ओढलेल्या असतात. झापांनी, ताडपत्रीने त्या शाकारल्या की ३१ जुलैपर्यंत समुद्र बंद. बंदी यांत्रिक नौकांना असते, पण पावसाळी खवळलेल्या पाण्यात वल्ह्यांची होडी तरी कोण घालणार? या दिवसांत किनाऱ्यावरच्या एखाद्या घरी गेलं आणि मुलाची चौकशी केली, की आई पडवीतूनच सांगते, ‘‘झील? घराकच बसान आसा.’’ तिच्या आवाजात लाज नसते, तक्रारही नसते. समुद्र बसला की माणूस बसतो, एवढंच तिला सांगायचं असतं.

हेच वाक्य किनारा सोडून सभेत, वर्तमानपत्रात, विधिमंडळात गेलं की त्याचा अर्थ पालटतो. ‘बसान आसा’चं ‘बसून खातो’ होतं. हवामान सांगणारं वाक्य माणसाच्या स्वभावाचा दाखला बनतं. हा पालट कुठून आला, कोणी केला आणि त्याने कोणाचं काय साधलं, याचा माग मी बरीच वर्षं काढतो आहे. त्यातलं जे पक्कं हाती लागलं ते इथे मांडतो.

आधी शब्द पाहू. ‘बेकार’ हा शब्द फारसीतून आला. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘कार’ म्हणजे काम, एवढाच त्याचा मूळ अर्थ. आज आपण बेकार सिनेमा म्हणतो, बेकार रस्ता म्हणतो. ज्याला काम नाही तो आणि जे टाकाऊ आहे ते, दोघांसाठी मराठीत एकच शब्द उरला. ‘बेरोजगार’ त्या मानाने सभ्य, पण त्यालाही आपण एक बिरुद जोडलं : सुशिक्षित बेरोजगार. ‘अशिक्षित बेरोजगार’ असा शब्दप्रयोग मात्र आपल्याकडे रुळलाच नाही. न शिकलेल्या माणसाला काम नसलं तरी तो ‘मजूर’च. त्याचं काम सुटणं ही घटना भाषेत नोंदवलीच जात नाही. म्हणून तो रिकामा दिसला की आपल्याला प्रश्न पडतो, हा मजूर असून बसला का?

आरोपाचा लेखी उगम शोधत मागे गेलं की १८७६-७८च्या दुष्काळाशी पाय थांबतात. दख्खन होरपळत होतं. सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची, तळ्यांची कामं काढली होती. जानेवारी १८७७मध्ये व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागात पाठवलं ते खर्च आवरण्यासाठी. टेंपल यांनी पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इथवर खाली आणली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, तेही दिवसभर दगड फोडल्यावर. घराजवळची कामं बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर धाडायचं धोरणही त्याच सुमाराला आलं. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामं सोडली. एक-दोघांनी नाही, लाखभर लोकांनी. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता, आणि पुण्याची सार्वजनिक सभा व तिचे गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका त्यांच्या बाजूने सरकारशी लेखी झुंजत होते.

टेंपल यांच्या लिखाणात या लोकांचं चित्र कसं आहे? त्यांना बसून खायची चटक लागली आहे, हुकूम पाळायला आणि घरापासून लांब जायला ते नाखूश आहेत, असं. छावण्यांमध्ये आणि रस्त्यांवर माणसं मरत होती त्याच काळात ही वाक्यं लिहिली गेली. त्याच वर्षी टेंपल मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

हा विचार त्यांनी इथे येऊन केलेला नव्हता. इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांचा कायदा बदलला, तेव्हाच ठरलं होतं की मदत मागणाऱ्याची अवस्था सगळ्यात हलाखीच्या मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, नाहीतर कोणी काम करणार नाही. मदतीला अंगमेहनतीची कसोटी लावायची, म्हणजे खरा गरजू तेवढाच टिकेल. १८८०च्या दुष्काळ आयोगाने ही भीती आणखी स्पष्ट मांडली. दुष्काळात मदत मिळणं हा गरिबाचा हक्क आहे असं एकदा मान्य केलं, तर उद्या तो हक्क सदासर्वकाळचा मानला जाईल, असा त्या अहवालाचा सूर होता. गोम इथे आहे. मजूर आळशी आहे की नाही, हे तपासायला कोणी गेलं नव्हतं. हक्क द्यायचा नव्हता, म्हणून मजूर आळशी असणं गरजेचं होतं.

आता कोकण. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला झाला. त्याआधी हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. इथे दख्खनसारखा पाऊस चुकत नाही. इथलं दुखणं वेगळं : उतारावरची तुकड्या-तुकड्यांची भातशेती, जांभ्याचा कातळ, आणि चार महिन्यांच्या पिकावर बारा महिने काढायचे. म्हणून माणसं मुंबईला गेली. गिरण्यांत, गोदीत, पोलिसांत, पलटणीत. १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि पुढची शंभर वर्षं कोकणातली घरं पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसली. त्यातून ‘मनीऑर्डरवर जगणारं कोकण’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा : ‘कोकणी माणूस आळशी.’

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, घाटावरच्या पाहुण्यांकडून आणि त्याहून जास्त आपल्याच माणसांकडून. गंमत म्हणून सांगितलं जातं, पण ते गंमत नाही. ज्याच्या पाठीवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, जो पाळी संपली की खोलीतल्या दहा-बारा जणांबरोबर आळीपाळीने झोपला, त्याच माणसाचा भाऊ गावात राहिला म्हणून आळशी ठरला. भाऊ गावात राहिला होता कारण कोणीतरी म्हातारी माणसं, गुरं, शेताचा तुकडा सांभाळायचा होता. चाकरमान्याची मजुरी मुंबईचा मालक देत होता, पण तिच्यात त्याचं कुटुंब मुंबईत राहील एवढे पैसे नव्हते. गावातल्या ‘बसलेल्या’ माणसाच्या मेहनतीमुळेच ती मजुरी पुरत होती. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो लांबत गेला, हजारो कामगार कायमचे घरी आले, आणि नव्याच झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गावोगावी पडवीत बसलेली माणसं दिसायला लागली. त्यांनाही काही वर्षांतच ‘बसून’ हाच शब्द लागला. संपाचा उल्लेख गळून पडला.

तिकडे घाटावर या संपाच्या आधीच दुसरी गोष्ट घडली होती, आणि तिचा महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असं मला वाटतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. १९७२चा दुष्काळ आला आणि तो प्रयोग राज्याच्या अंगावर पडला; मे १९७३मध्ये दुष्काळी कामांवरची हजेरी ५० लाखांच्या घरात गेली. १९७७ साली रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. ग्रामीण भागातल्या कोणाही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाही देता आलं तर रोजचा बेकार भत्ता. भत्ता होता एक रुपया, आणि तोही क्वचितच कोणाच्या हातात पडला. तरीही १८८०च्या आयोगाला ज्या शब्दाची भीती वाटली होती तो शब्द, हक्क, महाराष्ट्राने कायद्यात लिहिला.

त्याचा खर्च कोणी उचलला? १९७५ साली व्यवसाय कर आला तो मुख्यतः याच योजनेसाठी. आजही पगारपत्रकात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो हाच कर. म्हणजे परळच्या चाळीतल्या मालवणी चाकरमान्याच्या पगारातून धाराशिवच्या बाईच्या पाझर तलावाची मजुरी गेली. शहराने गावाला दिलेला हा हात होता. त्याची आठवण आपण ठेवली नाही.

आरोप मात्र लगेच आला. योजनेवरची माणसं हजेरी लावून बाभळीच्या सावलीत बसतात. हजेरीपटावर मेलेल्यांची नावं आहेत. आणि सगळ्यात मोठ्या आवाजात : ‘रोजगार हमीमुळे शेतीला मजूर मिळत नाहीत.’ यातला हजेरीपटाचा घोटाळा खरा होता, अनेक ठिकाणी सिद्धही झाला. पण हजेरीपट मजूर लिहीत नाही. तो मुकादम लिहितो, त्यावर सही अधिकाऱ्याची असते. चोरी एकाने केली आणि बदनामी दुसऱ्याच्या पदरात पडली. शिवाय मजुरी मोजमापावर होती. किती घनमीटर माती उकरली तेवढे पैसे. सावलीत बसणाऱ्याला काही मिळायची सोयच नव्हती. राहिलं तिसरं वाक्य. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. पूर्ण वाक्य असं : ‘आम्ही आजवर देत होतो त्या मजुरीत आता मजूर मिळत नाहीत.’ योजनेवर मोठ्या संख्येने बायका होत्या. बांधावर मालक ठरवेल तेवढं घेण्याऐवजी त्यांना पहिल्यांदा दुसरा पर्याय दिसला होता.

याच काळात शहरी राजकारणात बेकार माणसाचं अगदी निराळं चित्र रंगत होतं. १९६० साली निघालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने आणि १९६६च्या शिवसेनेने नोकरी नसलेल्या मराठी तरुणाला अन्याय झालेला भूमिपुत्र म्हटलं. त्याला कोणी आळशी म्हटलं नाही. त्याची नोकरी दुसऱ्याने घेतली असं सांगितलं गेलं. त्या मांडणीतून परप्रांतीयांवर जो राग काढला गेला तो मला मान्य नाही. पण एक गोष्ट नोंदवायलाच हवी : राजकारणाला मनात आलं तर बेकार माणसाचा सन्मान राखता येतो. फक्त तो शिकलेला असावा लागतो, शहरात मोर्चाला येणारा असावा लागतो.

१९९० साल आमच्या भागासाठी महत्त्वाचं आहे. राजापूर मतदारसंघातून, ज्यात तेव्हा मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी येत, १९७१पासून मधू दंडवते निवडून येत होते. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात ते अर्थमंत्री झाले. राष्ट्रीय आघाडीने कामाचा हक्क मूलभूत करण्याचं आश्वासन दिलं होतं. राज्यघटनेच्या ४१व्या कलमात हा हक्क आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, राज्याच्या ऐपतीच्या मर्यादेत. मार्च १९९०च्या अर्थसंकल्पात दंडवत्यांनी महाराष्ट्राच्या धर्तीवरची रोजगार हमी देशाच्या दुष्काळी आणि बेकारीग्रस्त भागात नेण्याचा मनोदय जाहीर केला. कोकणातल्या खासदाराने हे दिल्लीत म्हटलं. नोव्हेंबरमध्ये सरकार पडलं आणि विषय पंधरा वर्षं मागे गेला.

त्याच सुमाराला इकडे राज्यात शरद पवार मुख्यमंत्री असताना फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली. कोकणाला रोजगार हमी खऱ्या अर्थाने तेव्हा भेटली. इथे पाझर तलावांपेक्षा कलमं लागली. हापूसचं कलम लावायला दहा बाय दहा मीटरवर खड्डे, एका हेक्टरात शंभर. प्रत्येक खड्डा एक मीटर लांब, रुंद, खोल. कागदावर हे सोपं दिसतं. देवगडच्या सड्यावर जाऊन बघा. वर वीतभर माती, खाली जांभा. पहार मारली की ठिणगी उडते आणि मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. एक खड्डा पाडायला दोन माणसांचा दिवस मोडतो, मग लांबून माती आणून तो भरायचा, उन्हाळ्यात कलमाला डोक्यावरून पाणी घालायचं. हे पैसे सरकारी योजनेचे होते, आणि लहान शेतकऱ्याला अनुदान पूर्ण होतं. आज आपण ज्या आंबा-काजूच्या बागांचा अभिमान सांगतो, त्यातल्या कितीतरी या पैशांतून उभ्या राहिल्या.

आता नीट बघा. ज्याच्या जमिनीत खड्डा पडला त्याला आपण प्रगतिशील बागायतदार म्हटलं, त्याचे सत्कार केले. ते योग्यच होतं. पण तोच पैसा ज्या मजुराला मिळाला, त्याला सरकारच्या पैशावर जगणारा म्हटलं. योजना एक, खड्डा एक, पैसा एक. एकाचं अनुदान झालं आणि दुसऱ्याची खैरात झाली.

२००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, तोच पुढे मनरेगा म्हणून ओळखला गेला. १ एप्रिल २००८पासून तो देशाच्या सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत पोचला. फेब्रुवारी २०१५मध्ये लोकसभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मनरेगाला काँग्रेसच्या अपयशाचं जिवंत स्मारक म्हटलं. इतक्या वर्षांनंतरही लोकांना खड्डे खणायला पाठवावं लागतं, असं ते म्हणाले. टीका मागच्या सरकारवर होती. लोकांच्या लक्षात मात्र खड्डा राहिला, निरर्थक कामाची खूण म्हणून. सड्यावरचा तो एक मीटरचा खड्डा ज्याने पाहिला आहे, त्याला हे ऐकून वाईट वाटतं.

मग फुकट वाटपाला हिणवणारी ‘रेवडी’ आली. जुलै २०२२मध्ये बुंदेलखंड एक्स्प्रेसवेच्या उद्‌घाटनात पंतप्रधानांनी हा शब्द वापरला आणि तो सगळ्या पक्षांच्या तोंडी बसला. दोनच वर्षांत महाराष्ट्रात त्यांच्याच आघाडीच्या सरकारने लाडकी बहीण आणली, महिना १५०० रुपये. १७ जुलै २०२४ला, आषाढी एकादशीला, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी पंढरपुरात तरुणांसाठीच्या प्रशिक्षण योजनेची माहिती दिली : बारावीला ६०००, आयटीआय-पदविकेला ८०००, पदवीला १०००० रुपये विद्यावेतन, सहा महिने. लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ म्हटलं. नाव प्रेमाचं आहे, पण त्यातही मला खटकतं ते हेच, की हक्क मागणाऱ्याचा इथे लाड होतो. लाड करणारा उद्या थांबवूही शकतो. त्यावर न्यायालयात दाद मागता येत नाही.

फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयात शहरांतल्या बेघरांच्या निवाऱ्याचं प्रकरण चालू होतं. न्यायमूर्ती भूषण गवई यांनी त्यात या फुकट योजनांचा उल्लेख केला. लोकांना काम करायची इच्छा राहत नाही, आपण परोपजीवी वर्ग तर तयार करत नाही ना, असं ते म्हणाले, आणि महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळत नाहीत हा स्वतःच्या शेतकरी घरातला अनुभवही सांगितला. न्यायमूर्तींविषयी पूर्ण आदर ठेवून मला एक साधा हिशेब मांडायचा आहे. महिना १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. २०२५-२६मध्ये महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी ३१२ रुपये होती. ५० रुपयांसाठी ३१२ रुपये सोडणारी बाई मी आमच्या भागात पाहिलेली नाही. ५० रुपयांमुळे दीडशे रुपयांच्या कामाला नाही म्हणणारी असू शकते, आणि तिने नाही म्हणावं.

सिंधुदुर्गात आज हा आरोप नव्या वेशात फिरतो. बागांत राखणीला नेपाळी, ट्रॉलरवर खलाशी परप्रांतीय, ‘आमची पोरं तिठ्यावर बसून मोबाइल बघतात.’ तिठ्यावर पोरं आहेत, मी नाकारत नाही. त्यातली काही वाया जात आहेत, त्याचं दुःख त्यांच्या आईबापांइतकं कोणाला नसेल. पण पहाटे बांद्याच्या, दोडामार्गच्या रस्त्यावर उभं राहा. गोव्यातल्या कारखान्यांकडे, हॉटेलांकडे जाणाऱ्या मोटरसायकलींची रांग लागलेली असते. ही पोरं रोज राज्य ओलांडून कामाला जातात आणि रात्री परत येतात. आठ महिने बागेच्या झोपडीत एकट्याने राहायला ती तयार नाहीत, कारण त्यांना घर आहे. नेपाळहून आलेला माणूस तिथे राहतो, कारण त्याला इथे दुसरीकडे राहायची सोय नाही. दोघांपैकी कोणीही आळशी नाही.

डिसेंबर २०२५मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. कामाचे दिवस १००चे १२५ झाले. पण त्यात एक तरतूद आहे : पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात मिळून ६० दिवस ही कामं बंद ठेवायची, म्हणजे शेतीला मजूर मिळतील. ‘शेतीला मजूर मिळत नाहीत’ या जुन्या तक्रारीला कायद्याचं कलम मिळालं. हे ६० दिवस कोणते, ते राज्य सरकारने आधी जाहीर करायचे आहेत.

आमच्याकडे लावणीचा हंगाम जून-जुलैत असतो. समुद्रबंदीही त्याच ६१ दिवसांची, १ जून ते ३१ जुलै. बंदीच्या काळात मच्छीमाराला मिळणारी मदत केंद्राच्या योजनेत माणशी ४५०० रुपये आहे, आणि त्यातले १५०० त्याने स्वतःच आधी साठवलेले असतात. ज्याला शेत नाही, ज्याची होडी झापांखाली आहे, त्याच्यासाठी त्या दोन महिन्यांत सरकारी कामही बंद झालं तर देवगड, मालवण आणि वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर करण्यासारखं काहीच उरणार नाही. वेगवेगळ्या भागांसाठी वेगळे दिवस ठरवायची मुभा कायद्यात आहे. तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांनी पुढच्या ग्रामसभेत एवढा एकच ठराव घ्यावा : आमच्या गावात जून-जुलैत रोजगार हमीची कामं बंद ठेवू नयेत. ठरावाची प्रत ओरोसला जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी आणि पोच घ्यावी.